जयपूरच्या राजवाड्यांत चांगले फोटो कसे काढायचे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी संपली की आमच्या परळच्या बिल्डिंगमधली निम्मी घरं राजस्थानला निघतात, आणि तिकिटं कन्फर्म झाली की मला फोन यायला लागतात, ताई कॅमेरा कुठला घेऊ, ताई आमेरच्या शीशमहालात, त्या आरशांच्या महालात, फोटो काळे येतात ते कशाने. मी आत्तापर्यंत चार वेळा जयपूरला जाऊन आलेय आणि चारही वेळा बराचसा वेळ आमेरचा डोंगरावरचा महाल आणि शहरातला सिटी पॅलेस या दोनच ठिकाणी घालवलाय, त्यामुळे विचारणाऱ्यांचंही बरोबर आहे. प्रश्न तेच तेच असतात म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय. उत्तर देताना मी शेवटी एकाच गोष्टीवर येते, ऊन कुठून येतंय ते आधी बघा आणि मग मोबाईल बाहेर काढा.

आमेरला किती वाजता पोचायचं?

सकाळी लवकर, आणि यात तडजोड करू नका. आमेर जयपूरपासून साधारण ११ किलोमीटरवर डोंगराच्या अंगावर बांधलाय आणि पायथ्याशी पूर्वेला मावठा तलाव आहे. वर जायच्या दरवाजाचं नावच सूरज पोल, उगवत्या सूर्याकडे तोंड असलेला, म्हणजे कंपास बघायचीही गरज नाही, सकाळचं कोवळं ऊन थेट महालाच्या अंगावर पडतं आणि तो पिवळसर दगड मधासारखा दिसतो. महाल उघडायच्या आधीच तलावाच्या अलीकडे रस्त्यावर उभं राहा. डिसेंबरात तिकडे सूर्य सव्वासातच्या आतबाहेर उगवतो, तेव्हा वारा नसतो, पाणी आरशासारखं असतं आणि अख्खा महाल पाण्यात उलटा दिसतो. तासाभरात वारा सुटला की ते चित्र मोडतं. उन्हाळ्यात मात्र तलावाचं पाणी बरंच खाली जातं, तेव्हा प्रतिबिंबाची फार आशा ठेवू नका.

तेच दुपारी चारला रस्त्यावरून फोटो काढाल तर सूर्य महालाच्या मागे गेलेला असतो, आकाश पांढरं फटक आणि महाल काळा ठिक्कर. फोन चांगला आहे की साधा याचा त्यात काही संबंध नाही.

मग दुपारी काय करायचं, हॉटेलवर जाऊन झोपायचं का?

मे महिन्यात असाल तर खरंच झोपा, कारण तेव्हा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि चौकात सगळं सपाट दिसतं. थंडीत तसं नाही. डिसेंबरात जयपूरला भर दुपारी, म्हणजे साडेबाराच्या आसपास, सूर्य जेमतेम ४० अंश वर येतो, त्यामुळे दिवसभर ऊन तिरपंच राहतं आणि कमानींच्या सावल्या फरशीवर लांबच लांब पडतात. दुपारची वेळ ओवऱ्या, जाळ्या आणि जिने यांच्यासाठी ठेवा. दगडाच्या जाळीतून जमिनीवर पडलेले कवडसे हे माझ्या मते आमेरमधलं सगळ्यात सुंदर दृश्य आहे आणि लोक त्यावर पाय देऊन पुढे जातात. तिथे थांबा, पाच मिनिटांत कवडसे सरकतात, कोणीतरी चालत येतं, त्याच्या खांद्यावर ती नक्षी पडते, बस तेवढाच क्षण हवा असतो.

हवामहाल कधी?

सकाळी. १७९९ मध्ये सवाई प्रतापसिंहांनी बांधलेला हा महाल पूर्वेकडे तोंड करून आहे, ९५३ छोट्या खिडक्या आहेत आणि तिरपं ऊन असेल तरच त्यांचा उठाव दिसतो. समोरच्या गच्चीवरच्या कॅफेत चहा घेऊन बसा.

मोबाईल पुरेल का, की कॅमेरा घ्यायलाच पाहिजे?

पुरेल. मी स्वतः शेवटच्या खेपेला कॅमेरा बॅगेत ठेवून दोन दिवस फक्त मोबाईलवर काढले. पण चार गोष्टी मनापासून पाळा. लेन्स पुसा, सुती रुमालाने, कारण ट्रेनमध्ये चिवडा खाल्लेल्या हातांनी फोन धरलेला असतो आणि त्या तेलकट थरामुळे प्रत्येक दिव्याभोवती धुकं येतं, लोक म्हणतात कॅमेरा खराब झाला. दुसरं म्हणजे अल्ट्रा वाइडचा मोह सोडा, ०.५ वर खांब वाकडे होतात आणि कडेची माणसं ताणली जातात, त्यापेक्षा दहा पावलं मागे जाऊन १ किंवा २ वर काढा. तिसरं, स्क्रीनवर उजेडाच्या भागावर बोट ठेवून तिथलं सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढा, म्हणजे फोटो किंचित काळपट वाटला तरी आकाश आणि संगमरवर उडत नाही. सावलीतलं नंतर उजळता येतं, पांढरं झालेलं परत मिळत नाही. आणि चौथं, सेटिंगमध्ये ग्रिड, म्हणजे स्क्रीनवरच्या आडव्या-उभ्या रेघा, चालू करा. बास.

इमारत मागे पडतेय असं दिसतं, भिंती तिरक्या येतात. असं का?

कारण आपण जवळ उभं राहून फोन वर करतो. फोन मागे कलला की सरळ भिंती वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात. उपाय म्हणजे फोन भिंतीला समांतर सरळ उभा धरा आणि मागे जा, किंवा समोरच्या जिन्यावर, गच्चीवर, जिथून अर्ध्या उंचीवर डोळे येतील तिथे चढा. मागे जायला जागाच नसेल तर अख्खी इमारत नका घेऊ, एक कमान आणि तिच्याखाली बसलेला माणूस घ्या. वरच्या कळसापर्यंत सगळं एका फोटोत आलंच पाहिजे असं काही नाही.

याचा सराव इथेच मुंबईत करता येतो. सीएसएमटीसमोर महापालिकेच्या बाहेर तो सेल्फी पॉइंट आहे ना, तिथून दुपारनंतर काढा, ऊन तेव्हा दर्शनी बाजूवर येतं. आधी फुटपाथवरून अगदी जवळून काढा, मग लांबून, आणि दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघा. एका संध्याकाळी जेवढं कळतं तेवढं दहा व्हिडिओ बघून कळत नाही. हॉर्निमन सर्कलच्या त्या गोलाकार कमानीखालीही जा, सावलीतून उजेडाकडे बघत फोटो कसा काढायचा हे तिथे शिकता येतं आणि आमेरच्या ओवऱ्यांत नेमकं तेच लागतं.

शीशमहालात फोटो काळे किंवा ढवळे येतात, काय चुकतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर.

आतल्या खोलीत सोडत नाहीत, बाहेरच्या ओवरीतूनच बघायचं असतं. खोली अंधारी आणि आरसे चमकते, त्यामुळे कॅमेरा एकतर अंधार बघून सगळं पांढरं करतो किंवा चमक बघून सगळं काळं करतो. त्यात कोणी फ्लॅश मारला की त्याच्याच फ्लॅशचा गोळा फोटोच्या मधोमध. फ्लॅश बंद, अगदी बंद. हा महाल मिर्झाराजे जयसिंगांच्या काळातला, १७ व्या शतकातला, एका दिव्याचा उजेड हजार ठिकाणी पोचावा म्हणून केलेला, तिथे आपण पांढरा झोत मारला तर त्या कारागिरीचा मुद्दाच हरवतो.

अख्खी भिंत एका फोटोत घ्यायचा हट्ट सोडा. लांबून ती करड्या खडीसारखी दिसते. मी तिसऱ्यांदा गेले होते तेव्हा एका खांबापाशी पाऊण तास उभी होते, काही न काढता. हे आरशाचे तुकडे सपाट नाहीत, थोडे फुगीर आहेत, त्यामुळे जवळ जाऊन एका तुकड्यात बघितलं की त्यात अख्खं अंगण दिसतं, टिकलीएवढं, बाग, कमानी, माणसं सगळं. आणि त्या दिवशी प्रत्येक टिकलीत एक लाल ठिपका होता. बराच वेळ कळलंच नाही काय ते, मग हलले तेव्हा ठिपके हलले, माझी ओढणी होती ती. त्यानंतर मी २ च्या झूमवर एका वेलबुट्टीपुरती फ्रेम धरली, उजेड खाली ओढला आणि जो फोटो आला तो आजही माझ्या भिंतीवर आहे. तर सांगायचं काय, रंगीत काहीतरी अंगावर असू द्या आणि छोटी फ्रेम धरा.

दुसऱ्या ग्रुपचा गाइड मोबाईलचा टॉर्च छताकडे धरून फिरवून दाखवत असेल तर तेवढा वेळ फोटो नको, व्हिडिओ घ्या, चांदण्या सरकल्यासारख्या दिसतात.

तिथलं ते जादूचं फूल कुठे असतं? आम्हाला सापडलंच नाही.

शीशमहालाच्या बाहेर एका खांबाच्या तळाशी, संगमरवरात कोरलेलं आहे, गुडघ्याच्या उंचीला, म्हणून वर छताकडे बघत चालणाऱ्यांचं हुकतं. त्यावर दोन फुलपाखरं आहेत आणि फुलाचा वेगवेगळा भाग हाताने झाकला की कधी माशाची शेपटी, कधी कमळ, फणा काढलेला नाग, हत्तीची सोंड, मक्याचं कणीस, विंचू असं काय काय दिसतं. जमिनीवर बसून काढा, उजेड बाजूने येत असेल तेव्हा, समोरून उजेड पडला की कोरीवकाम सपाट दिसतं. हात दगडापासून वेताभर लांब धरूनही झाकता येतं, प्लीज बोटं टेकवू नका. रोज हजारो हातांचं तेल लागून संगमरवर पिवळा पडतो.

गणेश पोलचा फोटो नेहमी अर्धा उन्हात अर्धा सावलीत येतो.

तो पूर्ण सावलीत असेल तेव्हा काढा. त्या दरवाजाची मजा रंगकामात आहे, आणि रंग सावलीत एकसारखे, गडद येतात. वरच्या जाळ्यांच्या मागे राण्या बसायच्या, तिथे चढून खाली चौकाचाही एक फोटो घ्या, त्यांना काय दिसत असेल ते कळतं. जवळच सत्ताईस कचेरीच्या कमानींची रांग आहे, तिथून खाली तलावातली केसर क्यारी बाग दिसते, चांदण्यांसारख्या आकारांची, तीही विसरू नका.

गर्दी टाळायची कशी? प्रत्येक फोटोत दुसऱ्यांच्या टोप्या येतात.

सगळे गणेश पोल आणि शीशमहालावर तुटून पडतात. तुम्ही उघडल्या उघडल्या सरळ पुढे, अगदी टोकाला असलेल्या राजा मानसिंगांच्या महालात जा. हा आमेरचा सगळ्यात जुना भाग, १५९९ मध्ये पूर्ण झालेला, मधे बारादरी, म्हणजे खांबांवरचा उघडा मंडप, आहे आणि सकाळी तिथे कबुतरांशिवाय कोणी नसतं. तिथून उलटं येत या. आणि थोडी माणसं फ्रेममध्ये आली तर येऊ द्या ना, रिकाम्या राजवाड्यापेक्षा चालत्या माणसांमुळे त्या भिंती किती उंच आहेत ते समजतं.

सिटी पॅलेसच्या मोराच्या दरवाजापाशी लाइन असते, वाट बघावी का?

सकाळी उघडतानाच गेलात तर वाट बघायला लागत नाही. पण प्रीतम निवास चौकात दरवाजे चार आहेत, प्रत्येक एका ऋतूचा, मोर शरदाचा, कमळ ग्रीष्माचं, लाटांच्या नक्षीचा हिरवा लहरिया वसंताचा आणि गुलाब हिवाळ्याचा. सगळे मोरापाशी उभे असतात तेव्हा कमळाच्या दरवाजापाशी जा, पाकळ्यांवर पाकळ्या अशी नक्षी आहे आणि तिथे शांतपणे दहा मिनिटं मिळतात. मोराचाही फक्त एकाच मोराचा, मान आणि पिसाऱ्याचा जवळून फोटो घेऊन बघा, पूर्ण दरवाजाचा सगळ्यांकडे असतो.

त्याच चौकातून वर बघा, सात मजली चंद्रमहाल दिसतो, तिथे अजूनही राजघराणं राहतं. त्याच्यावर एक मोठा झेंडा आणि त्याच्याबरोबर पाव आकाराचा छोटा झेंडा असतो, म्हणजे सव्वा झेंडा, सवाई या किताबाचा. मराठी माणसाला सवाई म्हणजे सव्वापट हे समजावून सांगावं लागत नाही, पण फोटो मात्र क्वचितच कोणी काढतं. झूम करून काढा.

सिटी पॅलेसमधले ते चांदीचे मोठे हंडे फोटोत साध्या घागरीसारखे दिसतात.

शेजारी माणूस उभा करा. १.६ मीटर उंच, एकेकात ४००० लिटर पाणी मावतं, ३४० किलोच्या आसपास चांदी. महाराजा माधोसिंग दुसरे १९०२ मध्ये एडवर्ड राजाच्या राज्याभिषेकासाठी इंग्लंडला गेले तेव्हा त्यांनी अशा हंड्यांतून गंगेचं पाणी बरोबर नेलं होतं. सहा वर्षांची मुलगी शेजारी उभी राहिली की हे आकडे सांगायची गरज उरत नाही. फक्त हंड्याच्या फुगीर पोटात तुमचं आणि फोनचं प्रतिबिंब येतं, जरा तिरके उभे राहा.

सिटी पॅलेसच्या काही दालनांत फोटो काढू देत नाहीत, गुपचूप काढला तर काय होतं?

काढू नका. जुने कपडे आणि चित्रं यांचे रंग उजेडाने उडतात आणि उडालेले परत येत नाहीत, म्हणून ती दालनं अंधारी ठेवलेली असतात. तिथे फोन खिशात घालून नुसतं बघा. आणि याच राजवाड्यातले सवाई रामसिंग दुसरे स्वतः फोटोग्राफर होते हे माहीत असू द्या. १८६० च्या दशकात, काचेवर ओलं रसायन लावायचं, ते ओलं असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच अंधाऱ्या खोलीत पळत जाऊन धुवायचा, वाळलं की काच वाया. त्यांनी पडद्यातल्या जनान्यातल्या बायकांचे फोटो काढले, स्वतःचेही काढले. ते सिटी पॅलेसच्या संग्रहात आहेत. त्या बायकांचे डोळे बघा, सरळ कॅमेऱ्यात बघतायत. मला तरी ते बघितल्यावर बाहेर येऊन धडाधड वीस फोटो काढवले नाहीत.

ट्रायपॉड? ड्रोन?

ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते, प्री-वेडिंगलाही लागते, आधी अर्ज करा. ड्रोन घरी ठेवा. संध्याकाळी अंधारात काढायचं असेल तर कठड्यावर रुमालाची घडी ठेवून त्यावर फोन टेकवा आणि तीन सेकंदांचा टायमर लावा.

कपडे कुठले घालायचे?

आमेर पिवळसर, शहर गेरूच्या रंगाचं (१८७६ मध्ये इंग्लंडच्या युवराजांच्या भेटीसाठी तसं रंगवलं गेलं), म्हणून पिवळे आणि गुलाबी कपडे भिंतीत विरघळतात. गडद हिरवा, निळा, जांभळा उठून दिसतो. आमच्या वरच्या मजल्यावरच्या मावशींनी हट्टाने हिरवी पैठणी नेली होती, सगळे म्हणाले प्रवासात कशाला, पण सत्ताईस कचेरीच्या कमानीत त्या बसल्या आणि पदरावरचे मोर तिरप्या उन्हात असे चमकले की त्या ट्रिपचा तोच फोटो सगळ्यांनी मागून घेतला. मावशी, पैठणी न्याच.

आम्ही चौदा जण आहोत, ग्रुप फोटोत सगळ्यांचे डोळे मिटलेले.

कारण तुम्ही सगळ्यांना उन्हाकडे तोंड करून उभं केलंत. ओवरीच्या कडेला सावलीत उभे राहा, तोंडं उघड्या चौकाकडे, म्हणजे फरशीवरून परतलेला मऊ उजेड चेहऱ्यावर येतो. वयस्कर मंडळींना पायरीवर बसवा, मुलं त्यांच्या पुढ्यात. आणि हसा म्हणू नका, कोणाला तरी काहीतरी विचारा, आजोबा तुमच्या वेळी जयपूरचं तिकीट कितीला होतं, सगळे त्यांच्याकडे बघतात, तेव्हा काढा.

तिथल्या लोकांचे फोटो काढले तर चालतं का?

विचारून. लाल फेट्यातले पहारेकरी हसून उभे राहतात, नंतर काहीतरी हातावर ठेवा, त्यांचा वेळ घेतलाय आपण. झाडू मारणाऱ्या बाईंना, सारंगी वाजवणाऱ्या काकांना आधी राम राम करा, दोन शब्द बोला, फोटो काढून त्यांना स्क्रीनवर दाखवा. नाही म्हणाले तर नाही.

आमेरला हत्तीवरून वर जाताना फोटो छान येतात म्हणतात?

मी हत्तीवर बसत नाही आणि तुम्हीही बसू नका असंच सांगेन. त्या दगडी चढावर दिवसातून कितीतरी खेपा माणसं वाहायची, तेही उन्हात, बघवत नाही. पायी पंधरा मिनिटांत वर पोचता आणि प्रत्येक वळणावर थांबता येतं. आजीआजोबांसाठी जीप मिळते.

नुसत्या भिंतींचे फोटो काढून कंटाळा येतो, काय बघायचं ते कळत नाही.

मग आधी थोडं वाचून जा. आमेरचा महाल राजा मानसिंगांनी १५९२ मध्ये सुरू केला आणि पुढे ज्या मिर्झाराजे जयसिंगांनी त्यात भर घातली ते तेच, १६६५ चा पुरंदरचा तह केलेले. आपण शाळेत हे नाव तळमळून ऐकलेलं असतं. त्यांच्याच दिवाण-ए-आममध्ये, म्हणजे लोकांसाठीच्या दरबारात, उभं राहून हत्तीच्या सोंडांचे ते खांब बघताना मला पहिल्यांदा वाटलं की ज्या माणसाच्या शब्दावर महाराज आग्र्याला गेले तो कुठल्या घरातून आला होता ते आज दिसतंय. तेव्हापासून मी तिथे उंबरे, झिजलेल्या पायऱ्या, दारांच्या कड्या यांचे फोटो काढते, जिथे माणसांचे हात आणि पाय लागले त्या जागा.

मुंबईला परत आल्यावर कॅमेऱ्याचं काय करायचं?

जयपूरची धूळ ब्लोअरने झटका, कपड्याने घासू नका, काचेवर ओरखडे उठतात. आणि पावसाळ्याआधी हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून कॅमेरा ठेवा. माझी एक लेन्स कपाटात जून ते सप्टेंबर तशीच राहिली, आत बुरशीची जाळी धरली, साफ करूनही पूर्ण गेली नाही. डबा आणि सिलिका जेल बोरा बाजारात कॅमेऱ्याच्या दुकानांत मिळतं.

आठशे फोटो झालेत, सगळे ग्रुपवर टाकू का?

वीस टाका, डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर व्हॉट्सअॅप ते दाबून बारीक करतं आणि शीशमहालाच्या टिकल्या एकमेकांत मिसळतात. आणि जे घरात बसून तुमची वाट बघत होते, ज्यांना गुडघ्यांमुळे येता आलं नाही, त्यांच्यासाठी दोन फोटो आठ बाय बाराचे छापून घ्या. माझी आजी मावठ्याचा तो पाण्यातला महाल उलटा धरून बघते, कुठला खरा ते ओळखायला, आणि दरवेळी पाणी कुठल्या बाजूला आहे ते बोटाने दाखवते.